घराण्यात कोणी आहे का?

४ ऑक्टोबर, सोमवार

धाकटे,

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी एका गोष्टीचं सरळ उत्तर दे. ती बाई तू पाठवलीस का?

तुझ्या लग्नानंतर ना मी तुला पत्र लिहिलं, ना तू मला. त्यामुळे हे पाकीट बघून तू चक्रावशील. पाकीट जुनंच आहे, उलटवून चिकटवलंय, आतून कोणाचा पत्ता डोकावला तर तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझा पत्ता तुझ्या जुन्या शाळेतून मिळवला. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहेस, हेही तिथूनच कळलं. फोनवर तुला ऐकू येणार नाही, आणि मोबाइलवर टाइप करायला गेले तर मला आधी मुलाची मदत घ्यावी लागेल. म्हणजे सगळ्या घराला कळणार. म्हणून शाई आणि कागद.

मी आजी झाले. नात आहे, चार महिन्यांची. नाव भारदस्त ठेवलंय, पण मी तिला ठमी म्हणते. गुटगुटीत आहे, रडकी नाही. कुकरची शिट्टी होवो, दार आपटो, ही आपली झोपलेली. इतकं शहाणं मूल मी पाहिलं नाही.

आता त्या बाईचं. लहान मूल असलेल्या घरी इथल्या आरोग्यकेंद्राची सिस्टर घरभेटीला येते. मुलाचं वजन करते, आईची विचारपूस करते, आणि एक पैसा घेत नाही. फुकट म्हटलं की मी सावध होते, हे तुला माहीत आहे. तरुण आहे, खांद्याला भलीमोठी पिशवी. आल्या आल्या हात धुते ते बरं, पण हात धुता धुता मोरीत काय काय आहे ते बघून घेते. बाळ कुठे झोपतं ते दाखवा म्हणते. खिडकीची कडी ओढून बघते. चहा घेत नाही, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. ज्या माणसाला आपल्या घरचा चहा नको असतो त्याला आपल्या घरातलं दुसरं काहीतरी हवं असतं, असं माझं मत आहे.

परवा आली तेव्हा सूनबाईला एकेक विचारत होती. बाळंतपण कसं झालं, कावीळ झाली होती का. मग मान वर न करता म्हणाली, “घराण्यात कोणी जन्मापासून ऐकू न येणारं आहे का?”

सूनबाई म्हणाली, “आमच्याकडे नाही.” मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, “नाही.”

“नक्की ना, आजी?”

“आमच्याकडे सगळ्यांचे कान तिखट. भिंतीपलीकडचं ऐकतात.”

ती हसली आणि तसं लिहून घेतलं.

मी नाही का म्हटलं ते तुला कळेल. नसेल कळत तर राहू दे. सुनेला तुझ्याबद्दल काही माहीत नाही. मुलाला एवढंच माहीत आहे की त्याला एक मावशी आहे आणि तिचं नि माझं पटत नाही. ते खरंच आहे.

पण जगात विचारण्यासारखं इतकं असताना तिनं नेमकं तेच का विचारावं? तुझी कारखान्यातली कोणी मैत्रीण आहे का ती? मला नात झाल्याचं तुला कुठूनतरी कळलं आणि तू चौकशी लावलीस, असं तर नाही?

देव तुझं भलं करो.

ताई


१३ ऑक्टोबर, बुधवार

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांनी लिहिलंस आणि चार ओळी. “मी कोणाला पाठवलं नाही. तो प्रश्न सगळ्यांना विचारतात. पोरगी ऐकते का? तू नाही का म्हणालीस?” तारेचे शब्द मोजून देतात तसं. माझं काय चाललंय, गुडघे कसे आहेत, काही नाही.

ऐकते. चांगली ऐकते. तेच तर सांगणार आहे.

तू पाठवलं नाहीस हे मी तूर्त मान्य करते. मी केंद्रात फोन लावून खात्री करून घेतली. अशी अशी सिस्टर तुमच्याकडे आहे का, म्हटलं. तर फोनवरचा म्हणतो, आहे की, काही तक्रार? मी म्हटलं, अजून नाही.

वजनकाट्याचीही परीक्षा झाली. ती पिशवीतून काटा काढते, त्यावर कापड घालते आणि ठमीला ठेवते. मागच्या खेपेला ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी साखरेची न फोडलेली पिशवी काट्यावर ठेवली. बरोब्बर एक किलो दाखवलं. नेमकी ती मागे येऊन उभी. म्हणाली, “आजी, हिचंही वजन छान वाढतंय हो.” सूनबाई फिसकन हसली. हसायला काय झालं? दुकानदाराचा काटा मी तपासते, मग नातीला ज्यात ठेवायचं तो नको का?

त्यानंतर तिनं सूनबाईला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हणे, हे प्रत्येक आईशी एकटीला बोलायचं असतं. माझ्या घरात मलाच बाहेर! माझी जपमाळ त्याच दाराजवळच्या खुंटीला असते, म्हणून तिथे उभी राहून जप केला. जपात मन लागलं नाही, हे देवाला माहीतच आहे.

सिस्टर विचारत होती, झोप लागते का, रडू येतं का. मग सूनबाई म्हणाली, “बाळाला मी आवडत नाही.”

“असं का वाटतं तुम्हाला?”

“मी हाक मारते, बघतच नाही. आईंनी मारली की लगेच मान वळवते. मी तिच्यासाठी नसल्यासारखी आहे.”

ऐकून मला वाईट वाटलं. पण खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. तुझ्यापाशी लिहायला हरकत नाही. ती म्हणते ते खरंच आहे. आपल्या जुन्या घरासारखी इथेही फळ्यांची जमीन आहे, ठमीला दुपट्यावर खाली ठेवलेलं असतं. मी मागून “ठमे” म्हटलं की ती मान वळवून शोधते आणि बोळकं पसरून हसते. आई हाका मारून थकते, ही छताकडे बघत बसते. सूनबाईचा आवाज मुळात बारीक, त्यात निम्मं लक्ष मोबाइलमध्ये. लहान मुलांना सगळं कळतं.

खालच्या मजल्यावरची बाई परवा जिन्यात अडवून म्हणाली, तुमच्याकडे दिवसभर कोणीतरी पाय आपटत असतं. मी म्हटलं, आमच्याकडे चालणारी माणसं आहेत, तरंगणारी नाहीत. ही सिस्टर आल्यापासून सगळ्यांनाच आमच्या घरातलं दिसायला आणि ऐकायला लागलंय.

ताई


२७ ऑक्टोबर, बुधवार

धाकटे,

तू उलट मलाच प्रश्न विचारतेस. “तू हाक मारलीस की वळते आणि आईने मारली की नाही, असं का?” याचं उत्तर मी मागच्याच पत्रात दिलंय, नीट वाचत जा. काचा घासून घासून तुझी नजर गेली की काय?

सिस्टर पुन्हा आली होती. या वेळी पिशवीतून खुळखुळा काढला. ठमीला आईच्या मांडीवर बसवून मागून वाजवला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. ठमी सूनबाईच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. ती कशाला वळेल? मणी सोडून खुळखुळा बघायला ती काय वेडी आहे? मी तसं म्हटलंही. सिस्टर म्हणाली, “असेल, आजी. तरी एकदा मोठ्या इस्पितळात कान तपासून घेऊ. जन्मली तेव्हा झाली होती ना तपासणी?”

तेव्हा झाली नव्हती. त्या दिवशी तिथलं यंत्र बंद होतं, आठवड्यानं या म्हणाले, आणि मीच म्हटलं की ओल्या बाळंतिणीला दोन बस बदलून कोण नेतं. यात माझं काय चुकलं? पोर धडधाकट दिसत होती.

सिस्टरनं इस्पितळाची चिठ्ठी दिली. कानांची यंत्रं विकणाऱ्यांचं दुकान त्या इस्पितळाच्या दारातच आहे, हे मी बसमधून कितीदा बघितलंय. आता तूच सांग, फुकट घरी यायचं, चहा प्यायचा नाही, आणि शेवटी चिठ्ठी कुठली द्यायची तर तिथली. मी अगदीच काही बावळट नाही, मॅट्रिक झालेली आहे.

चिठ्ठी हरवू नये म्हणून मी देवाच्या तसबिरीमागे ठेवली. सूनबाईनं दोनदा विचारलं. शोधते म्हटलं. मुलगा कामावरून येतो तोच दमून, त्याला मी काही बोलले नाही.

तू लिहितेस, “लवकर तपासा, लहानपणीचा वेळ परत मिळत नाही, मला पाचव्या वर्षी शाळेत घातलं तोवर मला कशालाही नाव नव्हतं.” वाचून मला बरं वाटलं नाही. नाव नव्हतं कसं? तू खुणांनी सगळं मागायचीस आणि मी आणून द्यायचे. मी नव्हते का? आणि ठमीचा आणि तुझा काय संबंध? तू सगळ्यांना आपल्यासारखं करायला बघतेस.

ताई


१० नोव्हेंबर, बुधवार

धाकटे,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं. पाठकोरे कागद फुकट गेले.

काल सिस्टर आली. तपासणीला का गेला नाहीत, म्हणाली. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “तपासणीची गरजच नाही. पोरगी ऐकते. तुम्हाला दाखवते.”

ठमीला जमिनीवर दुपट्यावर ठेवलं. तिच्या मागे, दाराच्या चौकटीत उभी राहिले आणि हाक मारली, “ठमे!” ठमीनं मान वळवली. इकडे शोधलं, तिकडे शोधलं, मी दिसले तशी हसली.

सिस्टर म्हणाली, “अरे वा! पुन्हा मारा बघू.”

पुन्हा मारली. पुन्हा वळली. सिस्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणाली, “मग माझ्या खुळखुळ्यातच काही गडबड असेल. घाई करायला नको, पुढच्या भेटीत परत बघू.” आणि लिहायला लागलीसुद्धा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मनातल्या मनात मी देवापुढे साखर ठेवली.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, “थांबा, लिहू नका.”

ती भिंतीला टेकून बसली होती, माझ्या पायांकडे बघत. म्हणाली, “आई, तुम्ही पाय आपटता.”

मी म्हटलं, “कोण पाय आपटतं?”

“तुम्ही. हाक मारायच्या आधी. दोनदा. दरवेळी.”

“काहीतरीच काय!”

“मग स्टुलावर बसा. पाय वर घ्या आणि मारा हाक.”

सून सासूला स्टुलावर बसवते, परक्या बाईसमोर, पाय वर घ्या म्हणते. दुसरी कोणी असती तर रुसून बसली असती. पण माझी खात्री होती, म्हणून बसले. पाय दांडीवर घेतले आणि हाक मारली. मग मोठ्यांदा मारली. मग टाळी वाजवली, ओरडले. खालच्या बाईनं खालून छताला काठीनं ठोकलं असतं इतकी ओरडले. ठमी आपल्या मुठीकडे बघत होती. मुठीत काय आहे ते शोधत होती, धाकटे. मी तिच्यापासून दोन हातांवर होते.

मग सूनबाई उठली. माझ्या जागी, चौकटीत जाऊन उभी राहिली. तोंडातून शब्द काढला नाही. पाय उचलला आणि दोनदा आपटला. ठमीनं मान वळवली. आईला बघितलं आणि हसली. हातपाय झाडून हसली, मला बघून हसते तशीच.

सूनबाई तिथेच जमिनीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. म्हणाली, “तिला मी आवडते. तिला मी आवडते हो.” सिस्टर कागद बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसली. मला कोणी स्टुलावरून उतरा म्हणालं नाही.

आता तुला सांगायला नकोच. आपली आई म्हणायची, हिला हाक घालायची तर जमिनीला सांग, जमीन हिला सांगेल. मी तेव्हा किती असेन, पाच-सहा वर्षांची. तेव्हापासून तुझ्या मागे येताना पाय दोनदा आपटायचा आणि मग समोर यायचं, हे अंगात इतकं भिनलं की मला आजतागायत पत्ता नाही. तू घरातून गेल्यावर मी कोणासाठी आपटत होते ते देव जाणे. नवरा म्हणायचा, तुझी चाल पोलिसासारखी आहे.

जाताना सिस्टरनं विचारलं, “आजी, ही सवय कुठली?”

मी म्हटलं, “गुडघ्याला मुंग्या येतात. पाय झाडावा लागतो.”

तिनं मान डोलावली. सूनबाईनं नाही डोलावली. सिस्टरनं तिथूनच फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. तसबिरीमागची चिठ्ठी मी काढून दिली. सापडली म्हटलं.

ताई


२० नोव्हेंबर, शनिवार

धाकटे,

तपासणी झाली. ठमीला दूध पाजून झोपवलं, कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवल्या. माझ्यानं बघवेना, मी नामस्मरण करत बाहेर बसले. दोन्ही कान. थोडंफार कमी असं नाही, जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, सहा महिन्यांच्या आत कळलं, अजून हातात वेळ आहे, यंत्र लावता येईल, पुढे ऑपरेशनचंही बघू, आणि हातांची भाषा तर आजपासून सुरू करा. दारातल्या दुकानात आम्हाला कोणी पाठवलं नाही. ते दुकान चष्म्यांचं निघालं.

डॉक्टरीणबाईनंही तेच विचारलं, घराण्यात कोणी आहे का. मुलगा म्हणाला, आमच्याकडे कोणी नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. ती म्हणाली, असो नसो, हे दोन्हीकडून येऊ शकतं, कधी कुठूनच येत नाही, यात कोणाचा दोष नसतो. पण माहिती मिळाली तर पुढचा अंदाज बांधायला बरं.

दोष नसतो हे तिनं म्हटलं. घरी येईपर्यंत बसमध्ये मुलगा सूनबाईला म्हणाला, “तुझ्या आईला विचार बरं नीट. आमच्याकडे नाही म्हणजे तुमच्याकडचंच असणार.” तसा तो मायाळू आहे. पण घाबरला की माणूस बोट दाखवायला कोणीतरी शोधतो.

सूनबाईनं माहेरी फोन लावला. विहीणबाई रडल्या. त्यांनी चुलत्यांना विचारलं, आत्यांना विचारलं. त्यांचे एक आजोबा म्हातारपणी बहिरे झाले होते, तेवढं सापडलं. आता आमच्या घरात रोज त्या मेलेल्या आजोबांचा विषय असतो. सूनबाई ऐकून घेते आणि खाली मान घालून बाळाचे कपडे धुते.

मागच्या पत्राला उत्तर म्हणून तू लिहितेस, “तू सांग. नाहीतर मी येऊन उभी राहीन. मला बोलता येत नसलं तरी मी दिसते.” ही धमकी आहे का? मला तरी धमकीच वाटली.

आणि अजून एक. हे तुझं पत्र पेटीतून सूनबाईनं आणलं. पाकिटाची एक कड उघडलेली होती. पोस्टात फाटली असेल, म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिनं माझ्या. तू तिला वेगळं पत्र लिहिलंयस का? खरं सांग. परवा ती ठमीच्या समोर बसून मूठ गालाजवळ नेऊन फिरवत होती. ही खूण आपल्या घरची आहे, धाकटे. आईची, भूक लागल्याची खूण. ती माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. आणि मी ती तिला दाखवलेली नाही, शपथ घेऊन सांगते. की ठमीशी खेळताना मीच करते, पाय आपटते तशी, माझं मलाच कळत नाही? आता मला माझ्या हातापायांचाही भरवसा वाटेनासा झालाय.

मी काय सांगू त्यांना? इतकी वर्षं नाही सांगितलं, आता कुठून सुरुवात करू?

ताई


३ डिसेंबर, शुक्रवार

धाकटे,

सांगितलं.

रविवारी जेवताना मुलगा पुन्हा त्या आजोबांवर घसरला. म्हणाला, “लग्न ठरवताना निदान हे सांगायला हवं होतं तुझ्या घरच्यांनी.” सूनबाईचा घास हातातच राहिला. एरवी ती उठून आत गेली असती. उठली नाही. माझ्याकडे बघत बसली, रागानं नाही, वाट बघत असल्यासारखी. मला कळलं की हिला माहीत आहे. कधीपासून ते कळलं नाही, पण माहीत आहे.

मी म्हटलं, “त्या म्हाताऱ्याला सोड आता. माझ्याकडचं आहे.”

मुलगा म्हणाला, “काय तुझ्याकडचं?”

“तुझ्या मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. म्हणून तिच्या लग्नाला कोणी गेलं नाही.”

त्यानं हातातली पोळी ताटात ठेवली. मग म्हणाला, “सिस्टरनं विचारलं तेव्हा?”

“नाही म्हटलं.”

“इस्पितळात?”

“तिथे तूच बोललास. मी गप्प बसले.”

तो ताटावरून उठला, चपला घालून बाहेर गेला. मला वाटलं आता सूनबाई बोलेल. मी तयार होते. तिनं शांतपणे ताटं उचलली, हात पुसले आणि म्हणाली, “माझ्या आईला फोन तुम्ही करायचा. मी नाही करणार. आत्ता करा.”

मी म्हटलं, “उद्या करते, त्या जेवत असतील.”

“जेवत नाहीत त्या. पंधरा दिवस नीट जेवलेल्या नाहीत.”

तिनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. असे फोन करण्यापेक्षा बाळंत होणं सोपं. मी सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. मग विहीणबाई म्हणाल्या, “अहो, मी आजोबांचा फोटो भिंतीवरून काढला हो! माळ्यावर टाकला. कसला शाप मागे ठेवून गेलात म्हटलं त्यांना.” आणि हसायला लागल्या की रडायला, ते मला कळलं नाही. शेवटी म्हणाल्या, “तुमची बहीण कशी आहे?” इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मला धड सांगता येईना. काचा घासते म्हटलं, अक्षर चांगलं आहे म्हटलं.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कामावरून आला आणि ठमीच्या मागे उभा राहून हळूच पाय आपटून बघितला. मग विचारलं, “मावशीला असंच बोलवायचीस?” मी हो म्हटलं. एवढंच. अजून पूर्वीसारखा नाही, पण पानावर बसतो.

मंगळवारी सिस्टर आली तेव्हा मी होऊनच सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडेल. तिनं जुनी ओळ खोडून नवी लिहिली. म्हणाली, “आजी, आधी सांगितलं असतंत तर महिनाभर आधी तपासणी झाली असती. महिना मोठा असतो या वयात.” बस, इतकंच बोलली. इतकंच बोलली म्हणून जास्त लागलं. जाताना चहा घेणार का विचारलं, तर नाहीच म्हणाली. दिवसाला अशी दहा-बारा घरं करते, सगळीकडे प्यायले तर स्वच्छतागृह कुठे शोधू, म्हणाली. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?

तिच्या ओळखीची हातांची भाषा शिकवणारी एक बाई आहे, पंधरा दिवसांतून एकदा येईल. सूनबाई म्हणाली, “पंधरा दिवसांतून एकदा कसं पुरेल? मावशींना बोलवा.” कशी मावशी म्हणाली बघ, जशी काही तुझ्या अंगाखांद्यावर वाढली आहे. तू तिला लिहिलंस की तिनं तुला, हे मी आता विचारत नाही. दोघीही सांगणार नाही आहात.

म्हणून लिहिते आहे. ये. नवऱ्यालाही आण. लग्नाचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. त्यावर आपलं पटायचं नाही आणि मला त्यात तुझ्याकडून काही ऐकून घ्यायचं नाही. राहायची सोय पुढच्या खोलीत केली आहे. आठ दिवस रहा, जास्त राहिलात तरी चालेल, सामान भरून ठेवलंय.

मला एकच भीती आहे आणि ती लिहून टाकते, म्हणजे आल्यावर तू माझ्या तोंडावरून ओळखत बसायला नकोस. आत्तापर्यंत ठमी माझी होती. तुझे हात बघितल्यावर ती माझ्याकडे कशाला वळेल? मला चार खुणा येतात, त्याही लहानपणीच्या, पाणी आणि भूक आणि ये आणि जा. तुला सगळं येतं. तू तिला सगळ्याची नावं देशील, आणि मी दारात उभी राहून बघत बसेन. सिस्टर म्हणते असं काही होत नसतं. तिला काय माहीत, तिला बहीण नाही.

तरी ये.

पुढच्या खोलीत अंधार असायचा, जुना दिवा मिणमिणता होता. मुलाला सांगून मोठा दिवा लावून घेतला आहे. आपल्याला अंधारात भांडता यायचं नाही.

आशीर्वाद, तुम्हां दोघांना.

ताई